चौऱ्याण्णव खण

कारनॅक बंदरला, गोदी कामगारांच्या पतपेढीत,
शेवटचं टर्मिनल गेलं गणपतीनंतरच्या आठवड्यात.
पडद्याची झाली रेघ, रेघेचा ठिपका,
आणि मग साहेबांचा स्वतःचाच चेहरा काचेत.

प्रोग्रॅम मात्र जिवंत. शहाऐंशी सालचा.
लिहिणारा मस्कतला गेला, तिथंच वारला.
प्रोग्रॅमला ते कुणी कळवलेलं नाही.
त्याला वाटतं, समोर अजून तोच डबा आहे,
ऐंशी रकाने, चोवीस ओळी,
आणि तो त्याच जुन्या खुणांनी बोलत राहतो:
कर्सर तिकडे ने. हे ठळक कर. ते पूस.

माझं काम एवढंच,
लॅपटॉपला त्या डब्याचं सोंग घ्यायला लावायचं.
सगळी सोंगं आणता येतात म्हणतात,
पैशाचं तेवढं येत नाही.
म्हणणाऱ्यानं हा डबा पाहिला नसावा.

दोन आठवडे नुसता हिरवा रंग शोधला.
मग अडलो ऐंशीव्या रकान्यात:
शेवटचं अक्षर उमटलं तरी कर्सर खाली उतरत नाही,
पुढचं अक्षर येईपर्यंत उंबऱ्यावर ताटकळतो
चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
हे कुठल्याही पुस्तकात धड लिहिलेलं नाही.

आणि मग नावं.
सभासदांच्या नावांच्या जागी डॉलर, आकडे, उलटे कंस.
शिपाई म्हणाला, परुळेकरबाईंना बोलवा.

बाई आल्या शिवडीहून, पिशवीत आलेखवही.
पानापानांवर अक्षरं, आडवे आठ ठिपके, उभे दहा,
पेन्सिलीनं भरलेले, काही खोडून पुन्हा.
"यात मराठी नव्हतंच हो. मी घातलं.
रांगोळी येते ना, मग हेही येईल, म्हणाले तेव्हाचे साहेब.
मशीननं मोकळे खण दिले चौऱ्याण्णव.
मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धा य…
भरत भरत आले, आणि एक अक्षर बाहेर राहिलं."

कुठलं, मी विचारलं.

त्यांनी जुनं पगारपत्रक पुढं सरकवलं.
मंदाकिनी परुलेकर.

"कुणाचं तरी जायचंच होतं.
दुसऱ्याचं कसं काढू?"

(पण ळ काय एकट्या बाईंचा होता?
माळी माली झाले, साळगावकर सालगावकर,
कांबळे तर अख्खी पाळी भरून कांबले.
रांगोळी हा शब्दसुद्धा
त्या रांगोळीत लिहिता आला नसता.)

मी म्हटलं, आता जागाच जागा आहे, बाई,
ळ घालू या.
घातला.
प्रोग्रॅमनं तीनशे बारा माणसं ओळखायचं नाकारलं.
सभासद नाही. सभासद नाही. सभासद नाही.
संध्याकाळी मी ळ काढून टाकला,
कुणाला न सांगता. बाईंना कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी चाचणी.
बाई बसल्या खिडकीकडं तोंड करून,
मांडीवर खतावणी, बोटं कीबोर्डवर.
पडद्याकडं एकदाही पाहिलं नाही त्यांनी.
माझा हिरवा, दोन आठवड्यांचा हिरवा, तसाच पडून.

मधेच थांबल्या.
"घंटी कुठाय?"

कोड क्रमांक सात. फुकटचा गोंगाट म्हणून
मी तो पहिल्याच दिवशी बंद केला होता.

"अहो, खातं मिटलेला माणूस आला की वाजते ती.
तेवीस वर्षं मी कानानंच काम केलंय.
डोळे वहीत लागायचे."

सुरू केला. नेमका आवाज नाही जमला,
जरा पातळ वाजतो, खोलीतून येतो, डब्यातून नाही.
बाईंनी क्रमांक घातला, एंटर.
पडद्यावर: बाबाजी धुलप.
आणि टुंग.

"धुळप गेला होय," बाई म्हणाल्या,
आणि बोट ओलं करून
खतावणीचं पान उलटलं.